वाचकांचे प्रश्न: पेट्यांचा आकडा यायला १४ सेकंद

प्रश्न (देवगडहून एक वाचक भगिनी): नमस्कार. आम्ही देवगड, राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यातले काही बागायतदार मिळून हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतो. प्रत्येक पेटीला कोड लावलेला आहे आणि ती चार ठिकाणी फोनवर स्कॅन होते, बागेत, पॅकिंगला, गाडीत चढवताना आणि पोचल्यावर. प्रत्येक स्कॅनची एक ओळ टेबलात जाते. चार हंगामांच्या मिळून आता २२ लाखांच्या वर ओळी झाल्यात. साइटच्या पहिल्या पानावर नऊ आकडे दाखवतो, आज किती पेट्या भरल्या, किती गाडीत गेल्या, किती पोचल्या, तालुक्याप्रमाणे किती, या हंगामात एकूण किती वगैरे. पहिल्या वर्षी पान लगेच उघडायचं, आता १४ सेकंद लागतात आणि एप्रिलमधे तर कधी कधी उघडतच नाही. आमच्याकडे १५ फोन आहेत, सगळ्यांवर हे पान दर ३० सेकंदांनी आपोआप रिफ्रेश होतं. डेटाबेस मायएसक्यूएल ८ आहे, होस्टिंग साधं शेअर्ड आहे, म्हणजे एकाच सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या साइट. होस्टिंगवाले म्हणतात मोठा सर्व्हर घ्या, एक ओळखीचा मुलगा म्हणतो क्वेरी कॅशे (आधी काढलेलं उत्तर साठवून तेच परत देणं) चालू करा, दुसरा म्हणतो टेबल मायआयसॅम (टेबल साठवायची एक जुनी पद्धत) करा. काय करू? पुढच्या हंगामाआधी हे मार्गी लावायचं आहे.

उत्तर: ताई, पहिलं सांगते, मोठ्या सर्व्हरचे पैसे आत्ता देऊ नका. २२ लाख ओळी म्हणजे डेटाबेससाठी काही फार नाही, तुमचा त्रास ओळींचा नाहीये, त्याच त्या ओळी परत परत मोजण्याचा आहे. हिशोब करून बघा ना, १५ फोन, दर ३० सेकंदांनी रिफ्रेश, म्हणजे मिनिटाला ३० वेळा पान उघडतं आणि दर वेळी नऊ क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न), म्हणजे मिनिटाला २७० वेळा तुमचा डेटाबेस चार हंगामांच्या पेट्या मोजायला बसतो. पहिल्या वर्षी ओळी कमी होत्या म्हणून ते खपून गेलं. मोठा सर्व्हर घेतलात तर आणखी एखाद-दोन हंगाम खपेल आणि मग परत हेच.

आता त्या दोन सल्ल्यांचं. क्वेरी कॅशे मायएसक्यूएल ८ मधे नाहीच, काढून टाकलंय त्यांनी ते. आणि असतं तरी तुमच्या कामाचं नव्हतं, कारण टेबलात एक ओळ जरी नवी पडली की त्या टेबलाचं साठवलेलं सगळं उत्तर रद्द व्हायचं, आणि तुमच्याकडे तर सेकंदासेकंदाला स्कॅन पडतोय. मायआयसॅमचं म्हणाल तर त्या मुलाचं अर्धं बरोबर आहे. मायआयसॅम टेबल आपल्यात एकूण किती ओळी आहेत तो आकडा जवळ लिहून ठेवतं, म्हणून कुठलीही अट नसलेला काउंट(*), म्हणजे ओळी मोजायची आज्ञा, तिथे झटक्यात येतो. २०१० साली मायएसक्यूएल ५.५ आलं तेव्हापासून इनोडीबी हे मूळ इंजिन झालं (वेगळं सांगितलं नाही तर टेबल याच पद्धतीने साठतं) आणि ते असा आकडा लिहून ठेवत नाही. त्याला ठेवताच येत नाही, कारण एकाच वेळी एका फोनवरून व्यवहार (ट्रान्झॅक्शन) अर्धवट चालू असतो, दुसऱ्याला तो अजून दिसायचा नसतो, म्हणजे कोण विचारतंय त्यावर आकडा बदलतो. म्हणून ते खरोखर मोजतं. पण तुमच्या नऊपैकी बिनअटीचा आकडा एकही नाही, सगळ्यांना तारीख किंवा तालुका आहेच, तिथे मायआयसॅमलाही मोजावंच लागणार. वर ते लिहिताना अख्खं टेबल लॉक करतं, म्हणजे बाकीच्यांना थांबवतं, आणि मधेच मशीन बंद पडलं तर टेबल खराब होऊन दुरुस्त करत बसावं लागतं. हंगामाच्या भर मध्यात पेट्यांची नोंद अशी धोक्यात घालू नका, अजिबात नको.

तर मग सुरुवात कुठून. प्रत्येक क्वेरीच्या पुढे एक्सप्लेन लिहून चालवा आणि टाइप या रकान्यात काय येतं ते बघा. ‘ऑल’ आलं तर ती क्वेरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचतेय. ८.०.१८ पासून एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ पण आहे, ते क्वेरी खरी चालवून कुठे किती वेळ गेला ते सांगतं. हे केल्याशिवाय काहीही बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला तेच कळत नाही.

तुम्ही पत्रासोबत क्वेरी पाठवली आहे त्यात डेट(स्कॅन_वेळ) = आजची तारीख असं लिहिलंय. माझ्या मते निम्मा आजार इथेच आहे. रकान्याला असं फंक्शनात गुंडाळलं की त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून लावून ठेवलेली सूची) असूनही वापरता येत नाही, कारण इंडेक्स स्कॅन_वेळेचा लावलेला असतो, तिच्यावर फंक्शन लावून येणाऱ्या उत्तराचा नसतो, मग एकेक ओळ घेऊन तिची तारीख काढून ताडून बघावी लागते, २२ लाख वेळा. त्याऐवजी स्कॅन_वेळ आजचा दिवस सुरू झाला त्या रात्रीच्या १२ पासूनची आणि उद्याचा दिवस सुरू होईल त्या रात्रीच्या १२ आधीची, असं दोन टोकांनी लिहा. पहिल्या टोकाला मोठं-किंवा-बरोबर आणि दुसऱ्याला नुसतं लहान. बिटवीन वापरू नका, त्यात दुसरं टोकही धरलं जातं आणि बरोबर १२चा स्कॅन दोन्ही दिवसांत मोजला जातो.

मग इंडेक्स. इंडेक्स म्हणजे शाळेतल्या हजेरीपटांसारखा समजा, आधी इयत्ता, मग तुकडी, मग नंबर. सहावी ब मधले सगळे काढायचे तर एक पट उघडला की झालं, पण शाळेतले सगळे ७ नंबरवाले काढा म्हटलं तर प्रत्येक वर्गाचा पट उघडावा लागेल. म्हणून रकान्यांचा क्रम आपण काय विचारतो ते बघून ठरवायचा. आत्ता तुमच्या नऊ वेगळ्या क्वेऱ्या आहेत, एक म्हणते टप्पा (चारपैकी कुठला स्कॅन) पोच, एक म्हणते टप्पा गाडी, अशांना टप्पा आधी आणि वेळ नंतर असा इंडेक्स चांगला, कारण बरोबर-ची अट आधी आणि पासून-पर्यंतची अट नंतर असली की सलग एकच तुकडा वाचला जातो. पण मी तर म्हणते आजच्या आकड्यांसाठी वेगवेगळ्या क्वेऱ्या ठेवूच नका. आजच्या ओळी एकदाच वाचायच्या, टप्पा आणि तालुका यांवर ग्रुप बाय करायचं, म्हणजे तसे गट पाडून मोजायचं, सगळे आकडे एकत्र येतात. मग अट फक्त वेळेचीच उरली, म्हणून इंडेक्स वेळ, टप्पा, तालुका या क्रमाने करा. तिन्ही रकाने इंडेक्समधेच असल्यामुळे मूळ टेबल उघडायची गरजच पडत नाही, एक्सप्लेनच्या शेवटच्या रकान्यात ‘युझिंग इंडेक्स’ आलं की समजायचं जमलं. इनोडीबीत इंडेक्स घालताना टेबलात लिहिणं सहसा चालू राहतं पण भार येतोच, तेव्हा काम हंगामाबाहेर करा, आणि पावसाळ्यात केलंत तर यूपीएस बघून करा, आपल्याकडच्या विजेचं तुम्हाला सांगायला नको.

एवढ्याने आजचे आकडे सेकंदाच्या आत येतील असं मला वाटतं. राहिला ‘या हंगामात एकूण’. तो इंडेक्सनेही दरवर्षी जडच होत जाणार कारण तिथे खरंच लाखो ओळी मोजायच्या आहेत. इथे जुन्या दुकानदारांची पद्धत घ्या. रोजमेळ बघितला असेल ना तुम्ही, दिवस संपला की शिल्लक काढायची, दुसऱ्या दिवशी पानाच्या वर आरंभीची शिल्लक लिहायची आणि तिथून पुढे चालायचं. मार्चमधे कुणी एप्रिलपासूनची पावती न् पावती परत मिळवत बसत नाही. तसंच एक छोटं टेबल करा, दिवस, तालुका, टप्पा आणि संख्या. हंगाम धरा १२० दिवसांचा, तीन तालुके, चार टप्पे, म्हणजे झाल्या १४४० ओळी. लाखो ओळींच्या जागी १४४०! कालपर्यंतचं या टेबलातून मिळवायचं, आजचं वरच्या क्वेरीतून मोजायचं, दोन्हींची बेरीज म्हणजे हंगामाचा आकडा.

हे टेबल कसं भरायचं यावर दोन मतं आहेत. काही जण ट्रिगर लावतात, स्कॅन पडला की त्याच क्षणी संख्या एकने वाढव. आकडा ताजा राहतो खरा, पण तुमच्याकडे संध्याकाळी गाडी भरताना १५ जण एकदम स्कॅन करणार, आणि सगळ्यांना ‘आज, देवगड, गाडी’ ही एकच ओळ वाढवायची असणार. एका वहीत एका वेळी एकच जण लिहू शकतो, बाकीचे १४ हात बांधून उभे. आणि ती ओळ व्यवहार पूर्ण होईपर्यंत धरून ठेवलेली असते हे लक्षात घ्या. ज्यांना ट्रिगरशिवाय पर्याय नाही ते लोक एका ओळीच्या दहा ओळी करतात, स्कॅन त्यातल्या कुठल्याही एकीत पडतो आणि वाचताना दहांची बेरीज घेतात. चालतं ते. पण तुम्हाला इतकं करायची गरज नाही.

तुमच्यासाठी मी रात्रीचं काम सुचवेन. गाड्या सुटून गेल्या की, म्हणजे रात्री १ वाजता वगैरे, क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) एक स्क्रिप्ट चालवा, तिने मागच्या दहा दिवसांच्या ओळी या छोट्या टेबलातून काढायच्या आणि मूळ टेबलावरून मोजून परत भरायच्या, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमधे, म्हणजे मधे कुणी पान उघडलं तर त्याला अर्धवट आकडा दिसणार नाही. तुम्ही म्हणाल कालचाच दिवस का नाही, दहा कशाला? कारण आपल्या बागा. कातळावर रेंज नसते, फोन स्कॅन जवळ ठेवतो आणि माणूस दोन दिवसांनी बाजारात आला की मग ते वर जातात, पण वेळ मूळ स्कॅनची असते. म्हणजे परवाच्या दिवसात आज ओळी वाढतात. फक्त कालचा दिवस मोजून बंद केलात तर या पेट्या कायमच्या हिशोबाबाहेर राहतील, आणि ज्याच्या बागेत रेंज नाही त्या गरिबाचाच आकडा दर वेळी कमी दिसेल. हा मला नुसता तांत्रिक प्रश्न वाटत नाही, पैसे या आकड्यावर वाटले जात असतील तर फारच जपायला हवं.

यात एक बारकी गोष्ट आहे जी सहसा कुणी सांगत नाही. इन्सर्ट आणि सिलेक्ट एकाच वाक्यात लिहिलं की इनोडीबी मूळच्या आयसोलेशनमधे (एकाचा व्यवहार दुसऱ्याला किती दिसावा ती पातळी) वाचलेल्या ओळींवरही लॉक घेतं, त्यामुळे ती स्क्रिप्ट चालू असताना स्कॅन अडकू शकतात. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ही पातळी रीड कमिटेड करून घ्या म्हणजे हा त्रास होणार नाही.

आठवड्यातून एकदा ताळा करा. बंद झालेले चार-पाच दिवस कुठलेही उचला, मूळ टेबलावर मोजा, छोट्या टेबलाशी जुळवा. जुळत नसेल तर मूळ टेबल खरं धरायचं आणि तो दिवस परत मोजून टाकायचा, छोटं टेबल कधीही पुसून पुन्हा उभं करता आलंच पाहिजे.

आणि ते १५ फोन. प्रत्येक फोनने डेटाबेसला कशाला विचारायचं? दर मिनिटाला एकदा क्रॉनने सगळे आकडे काढून एका जेसन फाईलमधे (साधी मजकुराची फाईल) लिहून ठेवायचे, फोनांनी ती फाईल वाचायची. १५चे १५० फोन झाले तरी डेटाबेसवरचा भार तेवढाच. फाईल आधी वेगळ्या नावाने लिहा आणि मग नाव बदला, म्हणजे अर्धी लिहिलेली कुणी वाचणार नाही. आकड्यांच्या शेजारी ‘१०:४२ पर्यंत’ अशी वेळ जरूर दाखवा, वेळ नसेल तर माणसं जुना आकडा ताजा समजतात आणि भांडणं होतात.

एक आकडा मात्र या फाईलमधून घेऊ नका, गाडीत चढलेल्या पेट्यांचा. ड्रायव्हर चलन घेऊन निघणार असतो, तिथे एक मिनिट जुनं चालत नाही, ३१२ म्हणजे ३१२च. तो थेट मोजा, गाडीच्या नंबरावर इंडेक्स घालून. एका गाडीत पेट्या त्या किती, काही शेकडा, तेवढं मोजायला काही लागत नाही. म्हणजे नऊ आकडे सारख्या महत्त्वाचे नाहीत, कोण बघतो आणि बघून लगेच काय करणार आहे ते प्रत्येकाला विचारा. हंगामाची बेरीज मिनिटभर शिळी असली तर कुणाचं काय बिघडतं?

प्रश्न (दापोली तालुक्यातून एक वाचक): आमच्या मच्छीमार सोसायटीसाठी बोटी कधी आल्या आणि किती माल उतरला याची नोंद ठेवणारी साइट मी केली आहे. डेटाबेस पोस्टग्रेस वापरतो. दोन त्रास आहेत. महिन्याचा रिपोर्ट फार हळू येतो, म्हणून मी रोजची बेरीज वेगळ्या टेबलात ठेवायला लागलो. आता रिपोर्ट पटकन येतो पण एका महिन्यात ‘वेगवेगळ्या किती बोटी आल्या’ हा आकडा सोसायटीत आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त येतो. आणि सेक्रेटरींच्या वहीतला रोजचा आकडा साइटशी जुळत नाही, महिन्याचा मात्र साधारण जुळतो.

उत्तर: दादा, तुमच्या पत्रातला दुसरा त्रास मी स्वतः भोगलाय म्हणून आधी तोच घेते. रोजचा जुळत नाही आणि महिन्याचा जुळतो, म्हणजे ओळी हरवत नाहीयेत, चुकीच्या दिवशी पडताहेत. सर्व्हरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असणार बघा. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे तिथली रात्रीची १२ म्हणजे आपली पहाटेची ५:३०. पहाटे ४ला बंदरात लागलेली बोट साइटच्या हिशोबात आदल्या दिवशी जाते. ऑफिसच्या साइटला हे कधी कळतसुद्धा नाही कारण पहाटे ५ला तिथे कोण काम करतं, पण मासळीचा धंदाच पहाटेचा. मी एका ठिकाणी असंच काम केलं होतं तेव्हा तीन महिने वही चुकतेय असंच आम्ही धरून चाललो होतो, लिहिणारे काका रोज नीट लिहीत होते आणि आम्ही त्यांनाच परत परत तपासायला सांगत होतो. वही बरोबर होती. त्या काकांची माफी मागितली मी नंतर.

उपाय सोपा आहे, वेळ टाइमझोनसहितच्या प्रकारात साठवा आणि दिवस काढताना आधी ‘एशिया/कोलकाता’मधे आणा, मगच दिवसावर गट करा. रोजची बेरीज एकदा पहिल्यापासून परत काढावी लागेल.

आता बोटींचं. पेट्या, किलो, फेऱ्या यांची रोजची बेरीज मिळवली की महिन्याची येते. ‘वेगवेगळ्या किती’ची येत नाही. एकच बोट महिन्यात २० दिवस आली तर रोजच्या आकड्यात ती २० वेळा आहे, मिळवलंत की एकीच्या २० बोटी झाल्या. हे रोजच्या बेरजेवरून कुठल्याही गणिताने परत काढता येत नाही, माहिती तिथे उरलेलीच नाही. म्हणून यासाठी वेगळं टेबल, महिना आणि बोट असे दोनच रकाने, दोन्ही मिळून युनिक, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा घालता येत नाही. नोंद आली की घालायचं, आधीच असेल तर ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग, म्हणजे काही करू नको, हे पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. महिन्याला बोटींइतक्याच ओळी होतात, त्या मोजायला काही वेळ नाही. मोठ्या साइट्स, जिथे कोटींनी माणसं येतात, तिथे हायपरलॉगलॉग नावाची युक्ती वापरतात, त्यात थोडीशी चूक पत्करून अगदी कमी जागेत अंदाज मिळतो आणि दिवसांचे अंदाज एकत्रही करता येतात. पण सोसायटीच्या बोटी मोजायला अंदाज कशाला, नेमकं मोजा.

बाकी पोस्टग्रेसबद्दल थोडं. तेही एकूण ओळींचा आकडा जवळ ठेवत नाही, कारण वर देवगडच्या ताईंना सांगितलं तेच. ‘आतापर्यंत साधारण एवढ्या नोंदी’ असं पानावर नुसतं सजावटीला दाखवायचं असेल तर पीजी_क्लास या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या टेबलातला रेलटपल्स हा अंदाज घ्या, तो व्हॅक्यूम (टेबलाची साफसफाई) किंवा अ‍ॅनालाइझ झालं की सुधारतो आणि काढायला काहीच वेळ लागत नाही. रिपोर्टसाठी मटेरियलाइझ्ड व्ह्यू (क्वेरीचं साठवून ठेवलेलं उत्तर) आहे, ९.३ पासून, आणि ९.४ पासून रिफ्रेशला कन्करंटली लावता येतं म्हणजे रिफ्रेश चालू असताना वाचणारे थांबत नाहीत, त्यासाठी व्ह्यूवर एक युनिक इंडेक्स मात्र हवा. पण रिफ्रेश म्हणजे दर वेळी सगळं पहिल्यापासून मोजणं, नवीन तेवढं मिळवणं नव्हे, हे धरून चाला. तुमच्याकडे रात्री एकदा केलं तर पुरे आहे.

आणि इंडेक्स असूनही हळू वाटत असेल तर एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमधे ‘हीप फेचेस’ किती ते बघा. पोस्टग्रेस नुसत्या इंडेक्सवरून मोजू शकतं, ९.२ पासून, पण टेबलाचं कुठलं पान (डिस्कवरचा तुकडा) सगळ्यांना दिसण्याजोगं आहे त्याची नोंद व्हॅक्यूम ठेवतो, तो झालेला नसेल तर बिचारं परत परत मूळ टेबलाकडे धावतं. तुमच्या टेबलात नुसत्या नव्या ओळी येतात, पुसणं बदलणं जवळजवळ नाहीच, अशा टेबलांकडे १३व्या आवृत्तीच्या आधी ऑटोव्हॅक्यूम सहसा फिरकायचाच नाही. जुनी आवृत्ती असेल तर रात्रीच्या स्क्रिप्टमधे व्हॅक्यूम आपणच घाला.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये पण येईलच समोर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या दिवसांच्या ओळीच नसतात, आणि ग्रुप बाय नसलेल्या दिवसाला शून्य देत नाही, तो दिवसच गाळतो. मग आलेखात ३१ मे आणि १ ऑगस्ट एकमेकांना चिकटून येतात आणि बघणाऱ्याला वाटतं मासेमारी चालूच होती. जनरेट_सिरीजने सगळ्या तारखा काढा आणि त्यांना लेफ्ट जॉईन करून (तारीख तशीच ठेवून) बेरीज जोडा, जिथे बेरीज नाही तिथे कोअलेसने ० घाला, म्हणजे पावसाळ्याचं शून्य शून्य म्हणून दिसेल.

प्रश्न (मालवण): आमची होमस्टेची साइट असा. गावाच्या नावापुढे कंसात थयसर किती होमस्टे ता दाखवतंव, तारकर्ली, देवबाग, वायरी असा. पान लय स्लो जाता, आणि फोटोंचा टेबल जोडल्यापासून आकडे पण खूप जास्त येतत. काय करूचा ता सांगा.

उत्तर: दोन्ही गोष्टी कोडमधेच असणार. आधी गावांची यादी आणायची आणि मग लूपमधे प्रत्येक गावासाठी वेगळा काउंट, असं केलंत ना? ६० गावं असतील तर ६१ क्वेऱ्या. प्रत्येक छोटीच असते म्हणून स्लो क्वेरी लॉगमधे एकही दिसत नाही, मायएसक्यूएलमधे तर तो लॉग मुळात १० सेकंदांच्या वरचंच पकडतो, बदलला नसेल तर. गाव-क्रमांकावर ग्रुप बाय करून एकाच क्वेरीत सगळं आणा. ज्या गावात अजून एकही होमस्टे नाही तेही दाखवायचं असेल तर गावांच्या टेबलापासून लेफ्ट जॉईन करा आणि काउंटमधे स्टार न घालता होमस्टेचा आयडी घाला, नाहीतर रिकाम्या गावापुढे १ येतो.

आकडे फुगतात ते फोटोंमुळे. एका होमस्टेचे आठ फोटो असतील तर जोडल्यावर त्याच्या आठ ओळी होतात आणि काउंट ओळी मोजतो, घरं नाही. काउंट डिस्टिंक्टने (वेगवेगळे तेवढेच मोजून) आकडा बरोबर येईल पण आधी आठपट ओळी करायच्या आणि मग त्या गाळायच्या, हे उलटं काम झालं. मोजताना फोटो जोडूच नका. फोटो असलेलेच होमस्टे मोजायचे असतील तर एक्झिस्ट्स वापरा, ते फोटो आहे की नाही एवढंच बघतं.

आणि खाली जे ‘एकूण इतक्यापैकी पान इतकं’ दाखवता त्याची खरंच गरज आहे का बघा. मे महिन्यात मुंबईहून येणारं कुटुंब पहिली दोन-तीन पानं बघतं आणि फोन करतं. पानावर २० दाखवायचे असतील तर २१ मागवा, २१वा आला म्हणजे पुढचं पान आहे, एकूण मोजायचं कामच राहत नाही. एसक्यूएल_कॅल्क_फाउंड_रोज (एकूण किती ते मोजायला लावणारा शब्द) वापरत असाल तर काढून टाका, मायएसक्यूएलनेच ८.०.१७ पासून ते वापरू नका म्हणून सांगितलंय.

प्रश्न (चिपळूणहून एक विद्यार्थिनी): काउंट(*), काउंट(१) आणि काउंट(आयडी) यात सगळ्यात फास्ट कुठलं? क्लासमधे वेगवेगळं सांगतात.

उत्तर: काउंट(*) आणि काउंट(१) मधे इनोडीबी काहीच फरक करत नाही, मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमधेच तसं लिहिलंय. स्टार बघून ‘सगळे रकाने वाचत असेल’ असं वाटतं पण तसं नसतं, उलट तो सोयीचा, म्हणजे सहसा सगळ्यात लहान असलेला दुय्यम इंडेक्स घेऊन त्यावरून मोजतो. काउंट(रकाना) हा प्रश्नच वेगळा आहे, तो त्या रकान्यात नल (रिकामं) नसलेल्या ओळी मोजतो. आयडी कधी नल नसतो म्हणून उत्तर सारखं येतं. पण समजा पोच_वेळ हा रकाना पेटी पोचेपर्यंत नल आहे, तर काउंट(*) म्हणजे पाठवलेल्या सगळ्या पेट्या आणि काउंट(पोच_वेळ) म्हणजे त्यातल्या पोचलेल्या, दोन्ही आकडे एकाच वाचनात मिळतात. परीक्षेत विचारलं तर हे उदाहरण लिही.